भिंगरीच्या खुर्चीला मी घातलेली टीप

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (गुडघे वाकू देत नाहीत म्हणून मनातल्या मनात, पण मनात मात्र अगदी खाली वाकले आहे.) तुझ्या डाव्या गुडघ्याला नव्या तेलाने काही फरक पडला का, की नुसताच घरभर वास? भाऊजींचा खोकला थांबला का? त्यांना सांग, खोकल्याचं औषध चमच्याने मोजून घ्यायचं असतं, बाटली तोंडाला लावून नाही. हे माझं म्हणणं नाही, माझ्या लेकीचं आहे, आणि तिचं औषधांचं दुकान असल्यामुळे या बाबतीत तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. भिंगरीला बारा दात आले आहेत आणि ते बाराही तिने माझ्या चष्म्याच्या काडीवर वापरून पाहिले आहेत.

तुझं पत्र पोचलं. दीड वर्ष होऊन गेलं, नात अजून डोळ्यांनी पाहिली नाही, फोटोत काय पाहायचं, असं तू लिहिलंस आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलीस. पुढे लिहिलंस की भाऊजी गाडी घेऊन स्टेशनवर येतील, तूही येशील, आणि घरापर्यंतची चाळीस मिनिटं तू तिला मांडीवरून खाली ठेवणार नाहीस. हे वाक्य मी लेकीला वाचून दाखवलं. तिने पंधरा तारखेच्या गाडीची तिकिटं पाहून ठेवली आहेत, पण काढलेली नाहीत. ती काढायची की नाही, हे या पत्राला तुझं काय उत्तर येतं त्यावर आहे. तिची एक अट आहे. ती सरळ सांगता आली असती तर मी फोनच केला असता. पण फोनवर तू मला मधेच तोडतेस (रागावू नकोस, तू शाळेत मॉनिटर होतीस, ती सवय जायची नाही), म्हणून पत्र. आणि अट सांगायच्या आधी मला माझी फजिती सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय तुला काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

लेक पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी भिंगरीला पाळणाघरातून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी किती खूश झाले ते तुला काय सांगू. त्या आधीच्या रविवारी जावई आले आणि त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर तिची कारसीट बसवली. खुर्चीच म्हणू आपण. चांगली जाडजूड खुर्ची, तिला पाच पट्टे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, आणि पाचही मधे एका लाल बटणाच्या खोबणीत अडकतात. जावयांनी गुडघा रोवून, घाम गाळून ती बसवली, गदागदा हलवून पाहिली आणि मला म्हणाले, “आई, हिला हात लावू नका.” आता मला सांग, पस्तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला असं सांगितलं तर काय होतं?

मला खुपलं ते हे की खुर्चीचं तोंड उलट होतं. गाडी जाते पुढे आणि पोर बसते मागे तोंड करून, नाकासमोर सीटची पाठ. मंगळवारी तिला बसवली आणि मला आपल्या शाळेतला तो जिन्याजवळचा कोपरा आठवला. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हात मागे, आणि मागून मुली वर्गातून वर्गात जाताना त्यांच्या बुटांचा आवाज ऐकायचा. तिसरीत मी त्या कोपऱ्यात एकदा अख्खी दुपार काढली होती (शाई मी सांडली नव्हती, हे तुला माहीत आहे आणि तू बोलली नाहीस, पण ते जाऊ दे). त्या भिंतीवरचे पोपडे मला अजून पाठ आहेत. माझ्या नातीने काय गुन्हा केला होता? तिने रस्ता बघू नये? झाडं बघू नयेत? गुरुवारी दुपारी मी एकटीने, दीड तास खपून, ती खुर्ची सोडवली आणि पुढे तोंड करून बसवली. मीही गुडघा रोवला, मीही हलवून पाहिली. जरा हलली. मी मनात म्हटलं, हलायचीच, खुर्ची आहे, खांब नाही.

मग गादीचं सुरू झालं. त्या खुर्चीचं अस्तर म्हणजे अगदी पातळ, आणि पट्टे पोरीच्या मानेला काचतात असं मला वाटलं. (तिने कधी तक्रार केली नव्हती. तिला तीनच शब्द येतात आणि त्यातला एकही ‘काचतं’ नाही.) आपल्या शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या की कापडाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच देखणी हवी, कारण मागची बाजू देव बघतो. मी देवाला लाज येणार नाही अशी दुलई शिवली. सात थरांची, निळी, कडेला पांढरा गोट, मधे पट्ट्यांसाठी आणि बटणासाठी खाचा. मापासाठी कागद हवा होता, तर खुर्चीबरोबर आलेली माहितीपुस्तिका समोर पडली होती. तिची मधली चार पानं मी कापून नमुना केला. नंतर कळलं की ‘खुर्चीत स्वतःहून काहीही घालू नये’ हे नेमकं त्याच चार पानांवर लिहिलं होतं. म्हणजे सूचना मी पाळली नाही असं नाही. सूचनेवर टाचण्या लावून मी तिच्याच मापाने कापड बेतलं.

दुलई घातल्यावर पट्टे पुरेनात, म्हणून ते लांब केले. लांब केल्यावर ते खांद्यावरून घसरायला लागले. आता तूच सांग, कापड ढगळ झालं की आपण काय करतो? चुणी घालतो. मी दोन्ही पट्ट्यांना एकेक चुणी घातली, मेणाचा दुहेरी दोरा आणि गाद्यांची सुई घेऊन, उलटी टीप, एका इंचात दहा टाके. बोटाला दोनदा सुई टोचली. पाळणाघरातल्या बायकांनी ते पाहिलं आणि एकमेकींना बोलावून दाखवलं. एकीने आपल्या भाचीसाठी तशी दुलई मागितली. तीन आठवडे मी अशी मिरवत होते की शाळेत शिवणाचं बक्षीस मिळालं तेव्हाही मिरवले नसेन.

चौथ्या शुक्रवारी आमच्या पुढे पाव पोचवणारी एक व्हॅन होती. ती एकदम थांबली. मी ब्रेक मारला. टक्कर झाली नाही, ताई, कोणाला काही लागलं नाही, आधीच सांगते. माझा वेग तीसच्या आसपास असेल. माझी पर्स सीटवरून खाली गेली, त्यातली किल्ली, पावडरची डबी, सगळं पायाशी. मी मागे वळून पाहिलं. दुलई आणि तिच्यावरची भिंगरी, अशा दोघी मिळून खाली घसरल्या होत्या. पोरीची कंबर खुर्चीच्या कडेवर आली होती आणि मी टीप घातलेला पट्टा तिच्या खांद्यावर नव्हता. तो तिच्या गळ्याशी होता, हनुवटीच्या खाली. ती हसत होती. तिला वाटलं घसरगुंडी. मागची गाडी हॉर्न वाजवत होती आणि मला ते बटण सापडत नव्हतं, कारण ते दुलईच्या खाचेत बुडालं होतं.

शनिवार आणि रविवार मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं झालंच काय, असं स्वतःला म्हणत राहिले. सोमवारी लेकीच्या दुकानात फोन केला. ती म्हणाली, “आई, दोन मिनिटं, गिऱ्हाईक आहे.” मी म्हटलं, “गिऱ्हाईक असतानाच सांगते, म्हणजे तू ओरडणार नाहीस.” मग सगळं सांगितलं. तिच्या मागे कोणीतरी मलम मागितलेलं मला स्वच्छ ऐकू आलं.

“तू खुर्ची फिरवलीस?”

“हो.”

“आणि पट्ट्यांना सुई लावलीस?”

“दोरा दुहेरी होता गं.”

“आई,” ती म्हणाली, “दोऱ्याचं कौतुक नंतर करू.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. उद्या मंगळवार, मी कोणाला तरी सांगते आणायला, तू येऊ नकोस, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. त्या मंगळवारी मी चार वाजता सवयीने चपला घातल्या आणि मग दाराशी उभी राहून काढल्या.

शनिवारी तिने मला अग्निशमन केंद्रात नेलं. तिथे महिन्यातून एकदा लहान मुलांच्या खुर्च्या तपासून देतात. तपासणाऱ्या बाई आधी अपघात विभागात नर्स होत्या. केस बारीक कापलेले, गुडघ्यांना पॅड बांधलेले, आणि गाडीत शिरल्या की फक्त पाय बाहेर दिसायचे. त्या पायांकडून आवाज आला, “हे कोणी शिवलंय?” ताई, मी हात वर केला. या वयात. लेक शेजारी उभी होती, तिने माझा हात धरून खाली घेतला.

बाई बाहेर आल्या. टिपेवरून अंगठा फिरवून म्हणाल्या, “काम सुरेख आहे हो. इतकी सुंदर चूक आमच्याकडे अजून आली नव्हती.” मी चक्क थँक यू म्हटलं. मग त्यांनी मला शांतपणे, घाई न करता समजावलं, आणि ते मी तुलाही सांगते. पट्ट्याला सुई लागली की आतला विणलेला धागा तुटतो, आणि जिथे तुटतो तिथेच पट्टा दगा देतो. शिवाय चुणी शिवून टाकली की पट्टा ओढून घट्ट करता येत नाही. दुलई किंवा जाड स्वेटर, आपल्याला मऊ वाटतो खरा, पण धक्का बसला की तो दबून चपटा होतो आणि तेवढा पट्टा सैल पडतो. आणि तोंड मागे असतं ते शिक्षा म्हणून नाही. एवढ्याशा पोराचं डोकं जड असतं आणि मान कोवळी. गाडी आपटली तर मागे तोंड असलेल्या पोराची अख्खी पाठ आणि डोकं ती खुर्ची झेलते, पुढे तोंड असेल तर सगळा भार त्या मानेवर. मी विचारलं, मग पुढे कधी फिरवायची? म्हणाल्या, “खुर्चीवर वजन आणि उंची लिहिली आहे, ती पुरी होईल तेव्हा. आजीला दया येईल तेव्हा नाही.”

ती खुर्ची निकामी झाली. पुन्हा कोणी उचलून वापरू नये म्हणून बाईंनी माझ्यासमोर तिचे पट्टे कात्रीने कापले, माझ्या टिपेच्या बरोबर वर. शिवणाच्या सिस्टरनी एकदा सगळ्या वर्गासमोर माझ्या झबल्याची काख उसवली होती तेव्हा मी दोन दिवस रडले होते. या वेळी रडू आलं नाही. कात्री चालत होती आणि मी नुसती गळ्याशी आलेला तो पट्टा बघत होते.

आता नवी खुर्ची आली आहे, तोंड मागे करून. मी शिकले आहे. आधी स्वेटर काढायचा, मग पोर बसवायची, पाठ चिकटून, मग पट्टे ओढायचे, मग खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत कापड आलं तर सैल, बोटं नुसती घसरली तर बरोबर. (हे एक मला झटक्यात पटलं. माप घेणाऱ्या बाईला चिमटीची भाषा कळते.) थंडी असेल तर पांघरूण पट्ट्यांच्या वरून. खुर्ची स्वतः जागची बोटाच्या पेराहून जास्त हलता कामा नये. लेकीने माझ्याकडून हे दहा वेळा करून घेतलं, भिंगरी अकराव्या वेळी चावली. पुढच्या मंगळवारी लेक स्वतः मागे बसून आली, परीक्षकासारखी. शुक्रवारी सकाळी तिने फोन केला, “आई, आज चारला जाशील ना?” एवढंच. मी तीनलाच निघाले.

आणि हो, भिंगरी मागे तोंड करून अगदी मजेत बसते. मागच्या काचेतून तिला झाडं दिसतात. माझ्या भिंतीला काच नव्हती, एवढाच फरक होता, पण तो मला साठ वर्षांनी कळला.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, आणि चमचा.

तुझी,
धाकटी

ता. क. अट लिहायची राहिली. (राहिली नाही, टाळली.) स्टेशनपासून घरापर्यंत भिंगरी तुझ्या मांडीवर नाही, तिच्या खुर्चीत बसेल. खुर्ची आम्ही आगगाडीतून बरोबर आणतो. ती मागच्या सीटवर लागेल, पुढे अजिबात नाही. भाऊजींच्या गाडीला मागे पट्टे आहेत, पण ते नव्यासारखे राहावेत म्हणून त्यांनी सीटकव्हरच्या खाली दाबून ठेवले आहेत, हे मला माहीत आहे. मागच्या खेपेला मी कव्हरखालच्या पट्ट्याच्या कुलपावर बसून आले होते. ते कव्हर काढून, पट्टे बाहेर ओढून, अडकतात का हे त्यांना पाहायला सांग. ते म्हणतील, मी चाळीसच्या वर जातच नाही. मी तीसवर होते. लेक म्हणाली, मावशीला मी सांगितलं तर भांडण होईल, तू सांग. तुला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. आपल्या घरातलं प्रत्येक मूल हॉस्पिटलमधून तुझ्याच मांडीवर घरी आलं, पुढच्या सीटवर, माझी लेकसुद्धा. तू दुसऱ्या कोणाला घेऊच द्यायची नाहीस.

ता. क. दुसरं. त्या शनिवारी आणखी एक गोष्ट झाली, ती मी लेकीच्याही समोर बोलले नाही. लेक गाडीकडे गेली तेव्हा मी तपासनीस बाईंना म्हटलं, खुर्ची वगैरे ठीक, पण माझ्या हातांतून मी नातीला सुटू देणार नाही, मग काही होवो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला बाकावर बसवलं, भिंगरीच्या वजनाची, अकरा किलोची, वाळूची पिशवी मांडीवर दिली आणि म्हणाल्या, धरा, जितकी घट्ट धरता येईल तितकी. पिशवीला दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला अग्निशमन दलाचा एक माणूस. मी दोन्ही हातांची मिठी घातली, बोटांत बोटं अडकवली, हनुवटीने दाबून धरली. त्याने एका हाताने हिसका दिला. पिशवी गेली, ताई. कधी गेली ते कळलंसुद्धा नाही, माझी बोटं अजून अडकलेलीच होती. बाई म्हणाल्या, हा एका माणसाचा हात होता. चाळीसच्या वेगात गाडी आपटली तर तीन धट्टेकट्टे गडी मिळून ओढावेत तशी ओढ बसते. कोणाच्याही हातांना. आईच्या, पैलवानाच्या, कोणाच्याही.

मला तेव्हा आपला धाकटा भाऊ आठवला. बाबांची गाडी, तू पुढे बसलेली, तो तुझ्या मांडीवर, आणि मधे आलेली ती म्हैस. त्याची हनुवटी फुटली, चार टाके पडले. तो आता आजोबा झाला, दाढीखालची खूण दाखवून अजून सगळ्यांना सांगतो, “ताईने सोडलं मला.” सगळे हसतात. आई हसायची, बाबा हसायचे, मीही इतकी वर्षं हसले. तू कधी हसल्याचं मला आठवत नाही. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. त्यानंतर प्रत्येक बाळ तूच का धरायचीस आणि इतकं आवळून का धरायचीस की हातांवर वळ उठायचे, हे मला त्या बाकावर बसल्यावर समजलं. ताई, तू सोडलं नव्हतंस. मी सहासष्ट वर्षांची, गाडी जागच्या जागी उभी, आधी सांगून ओढलेली पिशवी, आणि मला ती धरता आली नाही. तुझ्याकडून काही चुकलं नव्हतं. हे मी धाकट्यालाही लिहिलं आहे. पुन्हा तो विनोद केलास तर वाळूची पिशवी घेऊन येईन, असंही लिहिलं आहे.

ता. क. शेवटचं. लेकीने विचारून ठेवलंय की भिंगरीच्या शेजारची जागा कोणाला. मी तुझं नाव सांगितलं आहे. मांडीवर घेतलं की आपल्याला पोराचं नुसतं टाळकं दिसतं. शेजारी बसलं की ती सबंध वेळ तुझ्या तोंडाकडे बघत बसेल, तुझा अंगठा धरून. (अंगठी काढून ठेव, ती चावते.) तुझा पट्टा तूही लाव. घरी पोचून भाऊजींनी गाडी बंद केली की लाल बटण तू दाबायचंस, आम्ही दोघी मधे येणार नाही. ते जरा घट्ट आहे, जोर लावावा लागतो. मग घे तिला मांडीवर आणि पाहिजे तितका वेळ बस. लेकीला मी विचारलं, ती म्हणाली, “चालेल, मावशीला म्हणावं अगदी रात्रीपर्यंत.” तिकिटं भराभर संपताहेत असं म्हणतात, तेव्हा उत्तर ‘हो’ असेल तर पत्र लिहू नकोस, सरळ फोन कर, मी मधे बोलणार नाही.